आयटीतली नोकरी सोडून वायरमन व्हायचंय, वय 31. सुरुवात कुठून करू?

धायरीकर31:
बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं नववं वर्ष. घरी आई, बायको, साडेतीन वर्षांची मुलगी. फ्लॅटचे हप्ते अजून अकरा वर्षं. बायकोची नोकरी आहे.

गेल्या वर्षी ज्या प्रॉडक्टच्या टेस्ट चौदा महिने खपून लिहिल्या, ते बाजारात यायच्या आतच गुंडाळलं. एका ओळीची मेल आली, दुसऱ्या दिवशी नवी एक्सेल शीट पुढ्यात. तेव्हापासून सकाळी बसमध्ये बसलो की छातीवर ओझं येतं.

सोसायटीत एक वायरमन काका येतात. दिवाळीपासून दर रविवारी त्यांच्या हाताखाली जातो. झिरी मारतो (पाइपासाठी भिंतीत खाच पाडतो), पाइपातून वायर ओढतो. मागच्या महिन्यात नारायण पेठेत एका आजींकडे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, सारखा पडून वीज जात होती. दोघं जण येऊन ‘आरसीसीबीच बदला’ सांगून गेले होते. काकांनी मेन बंद केला, डीबीतल्या (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) सगळ्या न्यूट्रल वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर माझ्या हातात दिला. ‘एकेक न्यूट्रल अर्थिंगशी लावून बघ. घाई नको.’ पाचव्या वायरीला मीटर वाजला. ती बाल्कनीतल्या प्लगची निघाली. बोर्ड उघडला तर आत ओल, आणि न्यूट्रलची उघडी पडलेली तार पत्र्याच्या पेटीला टेकलेली. खराब टोक कापलं, नवीन सोललं, पेटी पुसून कोरडी केली. आरसीसीबी वर केला आणि तो टिकला. त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही.

आयटीआय करू का? या वयात घेतात का? आणि आईला कसं सांगू? ती म्हणते, ‘बाबांनी पीएफ काढून तुला इंजिनिअर केलं ते लोकांकडे पंखे बसवायला?’ तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

शिल्पनिदेशक:
वयाला वरची मर्यादा नाही. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि विज्ञान-गणित घेऊन दहावी झालेली असली की पुरते. औंधला शासकीय आयटीआय आहे. प्रवेश ऑनलाइन होतात, दहावीच्या निकालाच्या सुमारास लक्ष ठेवा. माझ्या वर्गात तिशीतली मुलं बसली आहेत आणि तीच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

मात्र वर्ग पूर्ण वेळ असतो, नोकरी सांभाळून जमणार नाही. पदवी आहे म्हणून परवान्याचं काम आपोआप होईल असंही धरून चालू नका. परवाना हवाच. नवीन मीटरसाठी महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो नसेल तर आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीवर काम करावं लागतं.

कोथरूड वायरमन:
मी मेकॅनिकल डिप्लोमा करून सात वर्षं खरेदी विभागात होतो. 34 व्या वर्षी आयटीआयला बसलो.

काम तुम्हाला येईल. आजींकडचा फॉल्ट तुम्ही ज्या रीतीनं शोधलात तीच रीत लागते. पण रविवारी काम करणं वेगळं आणि मे महिन्यात सलग सहा दिवस स्लॅबखाली झिरी मारणं वेगळं. नाकातोंडात सिमेंट जातं, खांदे भरून येतात. राजीनामा देण्याआधी पंधरा दिवस रजा काढा आणि काकांबरोबर रोज सकाळी नऊला साइटवर उभे राहा.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारली. चार महिन्यांनी त्यांनी बोलावलं तेव्हा टेप वितळून भिंत काळी झाली होती. त्या खोलीत त्यांचं बाळ झोपायचं. तेव्हापासून अशा जोडाला योग्य कनेक्टर असल्याशिवाय हात लावत नाही. गिझरला 4 स्क्वेअर एमएम जाडीचीच वायर ओढतो, गिऱ्हाईक स्वस्तात कर म्हणालं तर काम सोडतो. कंपनीत माझ्या चुकीनं फार तर मेल यायची.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला ओढाताण होते. काम मिळतं, पैसे उशिरा येतात. बिल्डरचं काम आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय धरू नका. वर्षभराचे हप्ते बाजूला काढल्याशिवाय नोकरी सोडू नका.

सिंहगड रोडवरून:
माझ्या नवऱ्यानं बँक सोडून एसी रिपेअरिंग धरलं. सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत. समजावून काही झालं नाही. तो संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागला, एवढंच त्यांनी पाहिलं. तुमच्या आईंना पीएफचं दुखतंय, त्यावर वाद घालू नका. बाबांचे उपकार आधी बोलून दाखवा, मग बाकीचं.

धायरीकर31:
मनापासून आभार. रजेचा अर्ज आज टाकला, 12 तारखेपासून. वाड्यातल्या बाळाचं वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो.
कोथरूडकर दादा, एक राहिलं. कामाचा दर दिवसावर लावता की पॉइंटवर, म्हणजे दिवे-पंखे-प्लग मोजून?

कोथरूड वायरमन:
नवीन वायरिंग पॉइंटवर. फॉल्ट शोधायचा असेल तर व्हिजिटचे वेगळे, आणि ते जायच्या आधी फोनवरच सांगायचे. रजेत एक दिवस तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात या, चांगला मल्टिमीटर निवडून देतो.