विमान असो की घर, दुसरी बॅटरी कशाला?

कोयनाकाठचा, कराड

आमचा आतेभाऊ विट्याच्या रस्त्याला शेड भाड्याने घेऊन दोन माणसांचं विमान बांधतोय. परवानगी कुणाची, उडणार कधी, घरचे काय म्हणतात, हे प्रश्न इथे नकोत. त्यावर घरात पुरेशी चर्चा झालेली आहे. आमचं दोघांचं अडलंय ते एकाच गोष्टीवर. तो म्हणतो विमानात दोन बॅटऱ्या पाहिजेत. माझं म्हणणं, एकच पाहिजे आणि ती धड पाहिजे.

माझा हिशेब सांगतो. जुन्या पद्धतीच्या विमान इंजिनात मॅग्नेटो असतो. इंजिन फिरलं की त्यातलं चुंबक फिरतं आणि ठिणगीपुरती वीज जागच्या जागी तयार होते. उडता उडता बॅटरी काढून टाकली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं कार्ब्युरेटरवालं (म्हणजे पेट्रोल-हवा विजेशिवाय मिसळणारं) ९१२ इंजिन घेतलं तर त्यात इग्निशनसाठी इंजिनावरच स्वतंत्र कॉइल आहेत, म्हणजे एकदा चालू झाल्यावर तेही बॅटरीच्या जिवावर चालत नाही. मग बॅटरीवर उरलं काय? रेडिओ, ट्रान्सपाँडर (विमान कुठे आहे ते रडारला कळवणारं यंत्र), एखादी स्क्रीन, दिवे. हवेत चार्जिंग बंद पडलं तर दिवे घालवायचे, बाकी सगळं मिळून ३ अँपिअर धरा. १८ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी अर्धी भरलेली असली तरी अडीच तासांच्या आसपास जाते. तेवढ्यात कुठेही उतरता येतं.

घरातही हेच. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले. आता तेवढी लाईट जात नाही, तरी दुकानदार सांगतो, "अजून एक दीडशे एएच टाकून घ्या." कशाला? जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. तीन पंखे बदलले की २२५ चे ९० होतात. बॅटरीला हात न लावता वेळ दुपटीच्या वर गेला. दुसरी बॅटरी ही निव्वळ मनाची समजूत आहे. बोला आता.

हँगरमधला, सातारा

पंख्यांचं कबूल. विमानाचं अजिबात कबूल नाही. तुम्ही स्वतःला सोयीचं इंजिन निवडलंत आणि मग म्हणताय की बॅटरी लागत नाही.

इंजेक्शनचं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी विजेच्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, इंजिन घेतलं तर काय? किंवा मोटारीचं इंजिन बसवलं तर? तिथे पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, ठिणगी विजेवर. वीज गेली की विमानाचा पंखा थांबला, आणि हा पंखा बीएलडीसी नाही. रोटॅक्सच्याच इंजेक्शनवाल्या ९१२ आयएस मध्ये म्हणून दोन जनरेटर दिलेत. एक इंजिनाला, दुसरा बाकी विमानाला. पहिला बसला की दुसऱ्याची वीज इंजिनाकडे वळते आणि रेडिओ-स्क्रीन बॅटरीवर येतात. दोन्ही गेले तर इंजिनही बॅटरीवर. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांची मनाची समजूत झाली होती काय?

कोयनाकाठचा, कराड

इंजिन अजून आलेलं नाही, म्हणून तर आत्ता भांडतोय! बॅटरी लागणारच नाही असं इंजिन घ्या, मग दोन की एक हा वाद उरतच नाही. बॅकअप शोधण्याआधी गरज काढून टाका, एवढंच माझं म्हणणं.

लिथियमप्रेमी, इस्लामपूर

दोघंही शिशाच्या जमान्यात अडकलात. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. शिशाची बॅटरी किलोला ३०-४० वॅटतास देते, ही शंभरच्या पुढे सहज. एकीच्या वजनात दोन बसतील, वाद मिटला. घरातही तेच. दीडशे एएचची ट्यूब्युलर ॲसिड धरून ५०-६० किलो भरते आणि आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. १२.८ व्होल्टची १०० एएचची लिथियम १२-१३ किलोची, आणि जवळजवळ सगळी वापरा. पाणी टाकायला नको, वास नको.

हँगरमधला, सातारा

सावकाश. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या लिथियम बॅटऱ्यांनी काय केलं ते आठवा. एक बोस्टनला विमानतळावर उभ्या विमानात पेटली, दुसरीमुळे जपानमध्ये ताकामात्सुला तातडीने उतरावं लागलं आणि जगातली सगळी ७८७ जमिनीवर बसली. शेवटी बॅटरीभोवती पोलादी पेटी घातली आणि धूर विमानाबाहेर काढायला नळी दिली, तेव्हा ती पुन्हा उडाली.

लिथियमप्रेमी, इस्लामपूर

काका, ती कोबाल्ट ऑक्साइडची होती. मी फॉस्फेट म्हणतोय. रसायन वेगळं, तापून पेटायची प्रवृत्ती बरीच कमी. लिथियम म्हटलं की सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

हँगरमधला, सातारा

रसायन वेगळं आहे, मान्य. पण माझी भीती आगीपेक्षा वेगळी आहे. या बॅटरीत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट असतं. त्याला काही खटकलं की ते बॅटरी तोडतं, खटकन. शिशाची बॅटरी रडत रडत मरते, ही जेवता जेवता ताटावरून उठून जाते. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू उतरतो आणि पायलटला दिसतो. फॉस्फेटचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट, त्यामुळे काट्यावरून किती उरली ते कळतच नाही. शिवाय रिकामी लिथियम अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून चार्जिंग करणाऱ्या जनरेटरकडून) ओढेल तेवढा करंट ओढते. लहान इंजिनाचा अल्टरनेटर किंवा रेग्युलेटर तेवढ्यासाठी केलेला नसेल तर तो भाजतो. म्हणजे बॅटरी वाचली आणि चार्जिंग गेलं.

कुपवाडचा वायरमन

तुम्ही लोक रसायनावर भांडताय. माझ्याकडे जी इन्व्हर्टरं येतात त्यात बॅटरी कमीच दोषी असते. लग (केबलच्या टोकाची कडी) सैल, टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलेलं, अर्थिंगची पट्टी गंजलेली. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी बसली. गरम पाणी ओतून टर्मिनल धुतो, कोरडं करतो, लग घट्ट करतो, वरून पेट्रोलियम जेली. चालू.

दुसऱ्या बॅटरीबद्दल एकच सांगतो. जुनीला नवी जोडू नका, हात जोडून सांगतो. समांतर जोडली तर जुनी नवीला ओढत राहते. २४ व्होल्टला एकापुढे एक जोडली तर चार्जिंगला एक उकळते आणि दुसरी उपाशी राहते. आणि बॅटरीत आरओचं पाणी टाकणाऱ्यांना काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही. ते पिण्याचं पाणी आहे, त्यात क्षार असतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काय सोन्याच्या भावात मिळतो का?

विमानवाल्या भावाला सांगा, बॅटरी एक ठेव नाहीतर चार ठेव, पण वर्षाला तपास. साधी रीत आहे. बॅटरी पूर्ण भरायची, रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी मोटारीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडायचा. तो साडेचार अँपिअर खातो. शेजारी मीटर आणि घड्याळ. ११ व्होल्टला आली की थांबायचं. नव्या बॅटरीला किती वेळ लागला तो स्टिकरवर लिहून बॅटरीलाच चिकटवायचा. पुढच्या वर्षी त्यात मोठी घट दिसली की बॅटरी शेतातल्या झटका मशीनला लावायची, विमानात नाही. "इंजिन सुरू होतंय म्हणजे बॅटरी चांगली" हे खोटं आहे. स्टार्टरला दोन सेकंद जोर लागतो, दोन तासांची धग त्यातून कळत नाही.

गावभागकर, सांगली

सगळं वाचलं. आता जमिनीवरचं ऐका.

आमच्याकडे सासऱ्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, हवेतून ऑक्सिजन काढून देणारा, पाच लिटरचा. तो ३०० ते ३५० वॅट खातो. दीडशे एएचची एक बॅटरी निम्मी वापरायची तर त्यावर तो दोन-अडीच तास चालतो. कोयनाकाठच्या दादांनी पंखे बदला म्हटलं. कॉन्सन्ट्रेटर कशाने बदलू? सगळ्या गरजा काढून टाकता येत नाहीत.

आणि "आता तेवढी लाईट जात नाही" हे कराडच्या कोरड्या गच्चीवरून लिहिलेलं दिसतंय. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा वीज तास-दोन तास गेलेली नव्हती. पाणी चढलं की वीज मुद्दाम बंद करतात, करावीच लागते. तिथे मिनिटांचे हिशेब चालत नाहीत. आणि ती ५५ किलोची बॅटरी खालच्या मजल्यावर जिन्याखाली. पाणी दारात आल्यावर ॲसिडसकट ती माळ्यावर कोण चढवणार?

आम्ही काय केलंय ते सांगते. इन्व्हर्टर आता पहिल्या मजल्यावर. त्याखेरीज ऑक्सिजनचा बी टाइपचा सिलिंडर, रेग्युलेटर लावून भिंतीला साखळीने बांधलेला. त्यात साधारण दीड हजार लिटर असतो. मिनिटाला दोन लिटरने बारा तास. त्याला वायर नाही, प्लग नाही. सासऱ्यांना स्वतःला तो उघडता येतो, पाना दोरीने तिथेच लटकवलाय.

कोयनाकाठचा, कराड

ताई, तुमचा सिलिंडर म्हणजे माझा मॅग्नेटो! तुम्ही माझ्याच बाजूच्या आहात.

गावभागकर, सांगली

मुळीच नाही. माझ्याकडे बॅटरीही आहे आणि सिलिंडरही. तुमच्याकडे एकच.

दीडशहाणा

माझा एक गरीब प्रश्न. विमानात वीस हजार एमएएचची पॉवर बँक खिशात ठेवली तर? मोबाइलवर नकाशा, हातातला रेडिओ. सगळा खर्च दोन हजारात.

हँगरमधला, सातारा

प्रश्न गरीब नाही. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॅटतास, त्यातही व्होल्टेज बदलताना थोडे जातात. नकाशाला आणि मोबाइलला भरपूर. हातातला एअरबँड (विमानांच्या लहरींवरचा) रेडिओ मात्र साध्या पेन्सिल सेलवर चालणारा घ्या, न वापरता वर्षभर पडून राहिले तरी ते सेल बऱ्यापैकी भरलेले राहतात. प्रवासी विमानात १०० वॅटतासांपर्यंतची पॉवर बँक जवळच्या बॅगेत चालते, खालच्या सामानात नाही. केबिनमध्ये पेटली तर निदान दिसते आणि विझवता येते. दोन सीटच्या विमानात ती सीटखाली फेकू नका, हाताशी ठेवा.

कुपवाडचा वायरमन

आणि सेल बघून घ्या. बाजारात १८६५० मापाच्या गोल लिथियम सेलवर "९९०० एमएएच" छापलेलं असतं. त्या मापाच्या अस्सल सेलमध्ये ३५०० च्या आसपास भरले म्हणजे खूप झालं. हातात घेतला की वजनालाच कळतं.

घरच्या वायफायचंही सांगून टाकतो. राउटर १२ व्होल्टवर चालतो. लोक १२ व्होल्टच्या बॅटरीचे २३० करतात आणि ॲडाप्टरने परत १२. मधल्या मध्ये इन्व्हर्टर स्वतःच दहा-पंधरा वॅट पितो, म्हणजे राउटरपेक्षा जास्त! राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा आणि रात्री इन्व्हर्टर झोपू द्या.

ठोसेघरचा वारा

चाळकेवाडीच्या पठारावर फिरायला जाता तेव्हा पवनचक्क्यांसमोर फोटो काढता, आत काय असतं ते विचारत नाही. ज्या पवनचक्क्यांची पाती विजेच्या मोटरने वळतात, त्यांच्या नाकाडात, म्हणजे फिरणाऱ्या हबमध्ये, बॅटऱ्या असतात. ग्रिड गेलं आणि वारा चालू राहिला तर पाती वाऱ्यातून बाहेर वळवावी लागतात, नाहीतर चक्की सुसाट सुटते. गंमत म्हणजे तिथे एक मोठी बॅटरी नसते. प्रत्येक पात्याला स्वतःची. एखादं पातं वळलं नाही तरी बाकीची दोन चक्की थांबवतात. आतेभाऊ बरोबर बोलतोय.

शेडमालकाचा भाडेकरू, विटा रोड

मीच तो आतेभाऊ. मला धाग्याची लिंक मामींनी पाठवली. इंजेक्शनच्या इंजिनाची आगाऊ रक्कम गेल्या आठवड्यात भरली आहे. पेट्रोल कमी लागतं आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायची भानगड नाही, म्हणून. तेव्हा मॅग्नेटोवरचं प्रवचन बंद करून कामाचं बोला. दुसरी बॅटरी कुठे आणि कशी?

कोयनाकाठचा, कराड

मग जनरेटर दोन आहेतच की! बॅटरी एकच ठेव. दुसरीचं वजन तू जेवण कमी करून भरून काढणार आहेस का?

हँगरमधला, सातारा

जनरेटर दोन असले तरी दोघांच्या वायरा एकाच स्विचमधून, एकाच कॉन्टॅक्टरमधून (मोठ्या करंटच्या विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) गेल्या तर एकच म्हणायचे. दुसरी बॅटरीही तिथेच नेऊन जोडली तर तीसुद्धा वजनापुरतीच. दुसरी लहान घ्या, इंजिन सुरू करण्याएवढी नको, उतरेपर्यंत पंप आणि इंजेक्शन चालेल एवढी. ती मुख्य बॅटरीसारखीच शिशाची, बंद प्रकारची असू द्या. चार्ज होईल मुख्य बाजूने डायोडमधून, म्हणजे मुख्य बाजू शॉर्ट झाली तरी हिची वीज तिकडे परत जाणार नाही. डायोड अर्धा व्होल्ट खातो, तेवढा चार्जिंगमध्ये धरावा लागेल. इंजिनाकडे मात्र हिची वायर थेट, स्वतःच्या फ्यूज आणि स्वतःच्या स्विचमधून. इंजिन उत्पादकाच्या वायरिंगच्या नकाशात बदल करायचा असेल तर आधी त्यांची पुस्तिका वाचा, माझं ऐकू नका.

जागेचं म्हणाल तर गुरुत्वमध्य बघून ठेवा. शेपटीकडे ठेवली तर केबल लांब होते आणि जाडही लागते.

कोयनाकाठचा, कराड

म्हणजे शेवटी दोन बॅटऱ्या, एक डायोड, दोन फ्यूज, आणखी एक स्विच. बिघडण्याच्या जागा किती वाढल्या ते मोजतंय का कोणी?

हँगरमधला, सातारा

वाढल्या. पण त्यातली कुठलीही एक बिघडली तर इंजिन थांबतं का, हे मोजा. प्रत्येक जागेसाठी कागदावर लिहून काढा: हे तुटलं तर काय बंद पडतं. जिथे उत्तर "इंजिन" येईल ती जागा बदला. माझ्या मते हे एका संध्याकाळचं काम आहे, आणि दोघांनी मिळून करा. एकट्याला आपली चूक दिसत नाही.

कुपवाडचा वायरमन

कागद तुम्ही करा, लग मी बघतो. रविवारी विट्याला यायचंच आहे, क्रिंपिंगचं, म्हणजे लग केबलवर दाबून बसवायचं टूल घेऊन येतो. जाड केबलींना नुसता सोल्डर मारून ठेवला असेल तर तो आधीच कापून टाका. कंपनाने तिथूनच तुटतं. केबल थोडी लांब ठेवा.