मशेरी, विडी आणि पोटातलं बाळ: सोलापूरच्या बायकांनो, अनुभव लिहा

सोलापुरात सिगारेट ओढणाऱ्या बायका मोजक्या, पण मशेरीची डबी कितीतरी घरांत आहे. तिच्यातही निकोटीनच. ते हिरड्यांतून रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जातं. बाळाचं वजन कमी भरतं, वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. दिवस गेल्यावर तंबाखू कशी सोडली, कुठं अडलं, ते लिहा. नावं नकोत.

साखर पेठ
आमच्याकडं तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. लग्नानंतर मलाही लागली. उठल्या उठल्या बोटभर लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. पाचव्या महिन्यात बंद केली. पहिले दोन-तीन दिवस डोकं इतकं धरलं की उजेड नको वाटायचा. पोट गच्च, पोराबाळांवर खेकसणं. पण खरा त्रास वासाचा. तवा तापला की तोंडाला पाणी सुटायचं. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी भाजायचं काम मागच्या अंगणात नेलं. माझ्यासाठी तेवढं केलं हे फार झालं. सकाळी तांब्याभर कोमट पाणी प्यायचे, तोंडात लवंग ठेवायचे. बाळंत झाल्यावर शेजारणीनं डबी पुढं केली, "आता बाळ बाहेर आलंय की!" अंगावर पाजत होते. दुधातूनही जातं, म्हणून नाही घेतली.

कुंभारी, विडी घरकुल
मी मशेरी लावत नाही, पण विड्या वळते. हजारामागं मजुरी, काम सोडून कसं चालेल? सूप मांडीवर, तंबाखूची धूळ नाकातोंडात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओल्या हातातून तंबाखू अंगात भिनते, ह्या महिन्यांत दुसरं काम बघ. ते जमेना. आता दारात बसून वळते, साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही, तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीत ठेवत नाही. पूर्ण सुटका नाही ही, ठाऊक आहे.

आशा ताई
"व्यसन आहे का?" विचारलं की सगळ्या नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. मी विचारते, "दात कशानं घासता?" मग कळतं. रागावलं की पुढच्या तपासणीला येतच नाहीत.

नोकरी पुण्यात, माहेर सोलापूर
माझी सिगारेट होती. दिवसाला दोनवर आणली तेव्हा हायसं वाटलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, तेवढा बाळाला कमी पडतो. दोनही नकोत. निकोटीनचं च्युइंगम मनानं घेऊ नका, आधी विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. मला फोनवर कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं, त्याचा आधार झाला.

जोडभावी पेठ
मला सहावा चालू आहे. आता सोडून काय उपयोग? जे व्हायचं ते झालं असेल ना?

आशा ताई
नाही गं बाई. बाळाचं वजन खरं तर आता पुढंच वाढतं. आजपासून सोडलीस तरी त्याला फायदा आहे. तपासणीला सासूबाईंनाही घेऊन ये, मी बोलते त्यांच्याशी.