चित्र काढायची ओढ शिकवता येते का? खरा कलाकार ओळखायचा कसा?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात चित्रकला शिकवतो, बरीच वर्षं झाली. एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, इथे कलेतली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतो.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे फॉर्म सुटले की माझा वर्ग तुडुंब भरतो. ग्रेडचे दहावीला वाढीव मार्क मिळतात हे पालकांना तोंडपाठ असतं, त्यामुळे ज्यांनी कधी हौसेने पेन्सिल हातात धरली नाही तीही मुलं येतात, स्थिरचित्राला बसतात, तांब्या, वांगी, मागे सोडलेलं फडकं, सावली कुठल्या अंगाला पडते सगळं घोटून घेतात आणि खरं सांगतो, त्यातल्या काहींचा हात फार चांगला असतो, पातळ रंगाचा स्वच्छ हात (वॉश) मारतात, ए ग्रेड घेतात. पेपर संपला की रंगपेटी माळ्यावर. पुढच्या वर्षी विचारलं काय काढलंस तर काहीच नाही.

आणि एक मुलगा आहे आठवीतला. अक्षरलेखन वाकडं, रंग सगळे एकात एक कालवून चिखल करतो. पण त्याच्या भूगोलाच्या वहीची मागची पानं म्हशींनी भरलीत. नुसत्या म्हशी. बसलेली, डुंबणारी, आणि एक उठतानाची, मागचं अंग आधी उचललंय आणि पुढचे गुडघे अजून जमिनीला टेकलेत. हे बघितल्याशिवाय कुणाला काढता येणार नाही. तीच म्हैस त्याने पानापानावर पुन्हा पुन्हा काढलीय. मी विचारलं एवढ्या वेळा कशाला रे, तर म्हणाला, सर तिचं वजन येईना.

मला तेव्हापासून चैन नाही. हे त्याच्यात आलं कुठून? घरात कुणी चित्र काढणारं नाही, वडील दूध घालतात. मी तर शिकवलेलं नाही. ए ग्रेडवाल्या मुलांमध्ये हे का नाही, आणि माझ्या हातून ते त्यांच्यात घालता येईल का? आणि दुसरी भीती, याला परीक्षेला बसवलं, बक्षिसं दिली तर हे वाढेल का मरेल?

मनोवेध

सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे आणि तो चित्रकलेवरच झालेला आहे म्हणून लिहिते. मी मानसशास्त्र शिकवते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी 1973 मध्ये छापला, स्टॅनफर्डच्या बालवाडीत केला होता. तीन ते पाच वर्षांची मुलं, आणि निवडताना मुद्दाम अशीच निवडली ज्यांना मार्करने चित्रं काढायला आधीपासूनच आवडत होतं. त्यांचे तीन गट. एका गटाला आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबिन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काही सांगितलं नाही, काढून झाल्यावर अचानक तेच सर्टिफिकेट दिलं. तिसऱ्याला काहीच नाही.

मग थोडे दिवस जाऊ दिले आणि वर्गात मोकळ्या वेळात मार्कर ठेवून कोण आपणहून चित्रं काढतंय ते लपून बघितलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं त्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही.

म्हणजे बक्षीस वाईट नाही, 'यासाठी काढतोय' हे आधी डोक्यात बसलं की पंचाईत. मुलाचं मन उलटं गणित करतं, मला मार्क मिळणार होते म्हणून मी काढलं, अर्थात मार्क नसतील तर कशाला काढायचं. तुमच्या ए ग्रेडवाल्यांची रंगपेटी माळ्यावर जाते ती यामुळेच असं मला वाटतं.

मात्र ज्याला मुळात गोडीच नाही त्याला बक्षिसाच्या निमित्ताने कागदापर्यंत आणता येतं, त्यामुळे परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. म्हशीवाल्याला मात्र मार्कांचं आमिष दाखवू नका. त्याला शाबासकी द्यायचीच तर 'हुशार आहेस' न म्हणता 'पुढचे गुडघे टेकलेले दिसले मला' असं सांगा.

पेणकर

वरचं सगळं वाचलं. पण मला एक पटत नाही की पैशासाठी, ऑर्डरसाठी काम केलं की कला संपली. आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासून. आमचं सगळंच ऑर्डरवर चालतं, चतुर्थीची तारीख ठरलेली असते, त्याच्या आधी माल गेला नाही तर वर्ष वाया. साच्यातून मूर्ती काढायची, जोड बुजवायचे, घासायचं, मग पांढरा, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी. ही कामं वाटून दिलेली असतात, हात बसला की होतात. पण आखणी म्हणजे डोळे लिहिणं हे काम कारखान्यात सगळ्यांना देत नाहीत. आमच्याकडे काका करतात. गर्दीच्या दिवसात रात्री उशिरापर्यंत ओळीने मूर्ती लावलेल्या आणि काका एकामागून एक डोळे लिहीत असतात, बुबुळ ठेवताना श्वास धरतात, ब्रशचं टोक ओठाने सरळ करतात, आणि कधी कधी एखाद्या मूर्तीपुढे थांबतात. आम्हाला काही वेगळं दिसत नाही, गिऱ्हाईकाला तर नाहीच नाही. ते ओला फडका घेतात, डोळा पुसतात, परत लिहितात. विचारलं तर म्हणतात बघत नाहीये तो.

त्या पुसण्याचे कुणी पैसे देत नाही सर. उलट वेळ जातो, खाली टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. माझ्या मते कलाकार तिथे ओळखायचा. पैसे घेतो की नाही, कुणाच्या सांगण्यावरून करतो, हे बघू नका, काम झालं की नाही हे कोण ठरवतंय ते बघा. गिऱ्हाईक म्हणालं झालं तरी ज्याला चैन पडत नाही तो. तुमच्या मुलाचं 'वजन येईना' आणि काकांचं 'बघत नाहीये' ही एकाच जातीची माणसं. आणि हा नाद काकांना कुणी शिकवलेला नाही पण त्यांना बघून मला थोडा लागलाय, माझा हात आता खोट्या रेषेवर अडखळतो.

डहाणूची

मी डहाणू भागात पाड्यांवर नोकरी केली, आरोग्य खात्यात, त्यामुळे वारली लग्नं जवळून बघितली. पेणकर दादांचं पटलं पण आपण सगळे 'त्याच्या आत कुठून आलं' असं एका माणसाच्या आत शोधतोय, तिथे मला थांबावंसं वाटतं.

वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहितात, देवचौक, आणि लिहितात त्या सवाशिणी. कारवीच्या कुडाची भिंत, शेणाने सारवून वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश. चौकात मध्ये पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते आणि चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही. कुणाची सही नाही, कुणी आपल्या मनातलं सांगायला बसलेलं नाही, आणि तो चौक राहतही नाही, पुढे भिंत परत सारवली की गेला. तरी बाजूच्या किनारीतली एक ओळ तिरकी गेली तर म्हातारी बाई लगेच हाताने थांबवते. ही प्रेरणा कुठली म्हणायची? नावाची नाही, पैशाची नाही, 'स्वतःला व्यक्त' वगैरे करायची तर नाहीच नाही. लग्न लागायचंय, देवी यायचीय, म्हणून नीट लिहायचं.

आणि मग त्याच लोकांमधले जिव्या सोमा म्हसे. आई गेली तेव्हा सातेक वर्षांचे होते, त्यानंतर बोलणं सोडलं आणि मातीत चित्रं काढून सांगायचे. चौक बायकांचं काम, तेही लग्नापुरतं, आणि हा माणूस पुरुष असून रोज काढायला लागला, काही निमित्त नसताना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, तेव्हा भिंतीवरचं बाहेर आलं. 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ला पद्मश्री, परदेशात प्रदर्शनं, आणि राहायला शेवटपर्यंत डहाणूजवळच्या गंजाडलाच, 2018 साली गेले. त्यांचं मासेमारीचं जाळं बघा कुठे मिळालं तर, अख्खा कागद बारीक रेघांनी विणलेला, माणसं मुंगीएवढी.

मला म्हणायचंय ते हे की जिव्या सोमांच्या आत जे होतं ते होतंच, पण त्यांना भाषा दिली त्या बिननावाच्या सवाशिणींनी. दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो हे जिव्या सोमांनी शोधून काढलेलं नाही. सर, तुमच्या मुलाच्या घरात चित्रकार नाही म्हणता, पण गोठा आहे ना? वडील म्हशीची कास, चाल, बसणं बघून तिची तब्येत ओळखत असतील. ते बघणं त्याच्याकडे तिथून आलं.

तानपुरा

ताई, गोठ्याचं अगदी बरोबर. मी गाणं शिकते, थोडं वेगळं टोक मांडते.

तुमच्याच सांगलीची गोष्ट आहे सर. गायिका मोगूबाई कुर्डीकर, गोव्यातल्या कुर्डीच्या, जन्म 1904. लहानपणी आईने नाटक कंपनीत घातलं, आई लवकर गेली. पुढे सांगलीत होत्या, तिथे एकट्या गात बसलेल्या असताना जयपूर घराण्याचे मोठे गायक अल्लादिया खाँसाहेब यांच्या कानावर ते गाणं पडलं आणि ते स्वतःहून आत येऊन ऐकत बसले, त्यांनी शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले तशा या मागोमाग मुंबईला. पण तिथे तालीम सरळ मिळाली नाही, दुसऱ्या शिष्येला देताना इतर कुणाला शिकवायचं नाही अशी अट पडलेली. मग दुसऱ्यांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, आणि खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला, म्हणजे रीतसर शिष्या झाल्या, त्या थेट 1934 ला. पती गेल्यावर मुलं वाढवायला मैफिली आणि शिकवण्या. म्हणजे गाणं हे त्यांचं पोट होतंच. तरी जयपूर घराण्याच्या त्या अवघड पेचातली एक मात्रा त्यांनी कधी सैल सोडली नाही, रेकॉर्डिंग ऐका.

मला यात प्रेरणा वगैरे दिसत नाही, रोज उठून बसणं दिसतं. आमच्या बाई म्हणतात मूड आल्यावर गाणाऱ्याचं गाणं मूडएवढंच राहतं. सुरुवातीला मलाही रियाज नकोसा व्हायचा, एकच पलटा, म्हणजे तीच स्वरांची ओळ, किती घोळायचा, पण घोळता घोळता कान बारीक झाला आणि जो गंधार (ग हा स्वर) मला आधी बरोबर वाटायचा तो खटकायला लागला. खटकायला लागल्यावर मग ओढ आली, आधी नाही. म्हणून सर, ए ग्रेडवाल्यांना सोडून देऊ नका. त्यांचा हात तयार आहे, डोळा तयार व्हायचाय. त्यांना काहीतरी खटकेपर्यंत आणून सोडलं तर त्यातला एखादा माळ्यावरून पेटी खाली काढेल.

आणि म्हशीवाल्यालासुद्धा रोजची मेहनत लागणारच, नुसत्या ओढीवर वजन येणार नाही.

रानपाखरू

सर त्या म्हशीच्या चित्राचा फोटो टाका ना इथे, फार बघावंसं वाटतंय.

खडूफळा

रानपाखरू, नाही टाकत. वही त्याची आहे आणि तो ती कुणाला दाखवत नाही, मला दिसली ते त्याचा डबा सांडला म्हणून. इथे टाकली, लोकांनी वाहवा केली, तर मनोवेध ताईंनी सांगितलेलं तेच होईल, उद्या वाहवासाठी काढेल.

बाकी सगळ्यांचं दोनदा वाचलं. पेणकर, तुमच्या काकांचं वाक्य आज स्टाफरूममध्ये सांगितलं मी. आणि तानपुरा ताई, खटकेपर्यंत आणणं हे माझं काम आहे हे पटलं, मी आतापर्यंत मुलांना खटकायच्या आधीच दुरुस्त करून देत होतो, सावली इकडे घे, लंबवर्तुळ असं घे. परीक्षेला तसंच लागतं, वेळ नसतो. तर असं ठरवलंय की शनिवारचा एक तास परीक्षेबाहेरचा. ग्रेड नाही, बोर्डवर लावणं नाही, मी पेन्सिल हातात घेणार नाही. एकच वस्तू, आणि जोवर स्वतःला पटत नाही तोवर तीच. कंटाळतील, काही पळतील, चालेल.

मुलाला परीक्षेचं मी विचारणार नाहीये, त्याने विचारलं तर फॉर्म देईन. वजनाबद्दल मात्र बोललो त्याच्याशी. म्हटलं म्हैस काढायचं थोडं थांबव, तिच्या खालची जमीन काढ, पोट जमिनीला टेकतं तिथे कातडीची घडी कशी दबते, चिखल बाजूला कसा सरतो, ते बघून ये. त्याने काही उत्तर दिलं नाही, वही मिटली आणि गेला, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन विचारलं की ओला चिखल आणि सुका चिखल पेन्सिलने वेगळा कसा दाखवायचा. मी सहा बीची पेन्सिल दिली आणि म्हटलं घासून बघ.

डहाणूची ताई, एक विचारायचं होतं. शनिवारच्या मुलांना घेऊन तुमच्या भागात यावं असं मनात आलंय. चौक प्रत्यक्ष लिहिताना बघायला मिळेल का, की बाहेरच्यांनी गर्दी केलेली त्यांना आवडत नाही?

डहाणूची

आधी विचारल्याशिवाय नको सर, ते लग्न आहे, कार्यक्रम नाही. शेतीची कामं आटोपल्यावर पावसाळ्यापर्यंत लग्नं असतात, ओळखीच्या घरी मी विचारून ठेवते, पण अख्खा वर्ग नको, तीन-चार मुलंच आणा आणि मोबाईल बाहेर काढायचे नाहीत हे आधीच सांगा. नाहीतर गंजाडला या, जिव्या सोमा म्हसे यांच्या घरात मुलंही चित्रं काढतात, तिथे बसून बघता येईल. आणि येताना त्या मुलाला आणाच, आमच्याकडे म्हशी कमी, पण बैल भरपूर आहेत.