टाके भरले, सोनोग्राफी नॉर्मल, तरी कळ जात नाही

प्रश्न
फायब्रॉइड काढायला पोट उघडून ऑपरेशन झालं, त्याला वर्ष उलटून गेलं. आडवा टाका इतका छान भरलाय की शोधावा लागतो. पण उजव्या टोकाशी एक जागा आहे, तिथे कमरेचं इलॅस्टिक टेकलं तरी झणझणतं. खोकला आला किंवा कुशीवर वळलं की कळ थेट जांघेत. गंमत म्हणजे त्याच्या आजूबाजूची कातडी बधिर आहे! सोनोग्राफीत काही नाही. डॉक्टर म्हणतात, लक्ष देऊ नका. साध्या पेनकिलरनं ढिम्म फरक नाही. कुणाचं थांबलंय का असलं दुखणं?

प्रतिसाद १
ताई, लक्ष देऊ नका म्हणे! बधिर आणि दुखरं शेजारी शेजारी असलं की नसेचा संशय घ्यायचा. आडव्या टाक्याच्या टोकांजवळून इलिओइन्ग्वायनल आणि इलिओहायपोगॅस्ट्रिक नावाच्या नसा जातात. त्या कापताना दुखावतात, नाहीतर व्रण भरताना त्यात आवळल्या जातात, आणि नेहमीच्या सोनोग्राफीत हे सहसा कळत नाही. मला पेन क्लिनिकमध्ये उताणं झोपवलं, दुखऱ्या जागी बोट दाबून धरलं आणि डोकं-खांदे उचलायला सांगितलं. मी ओरडलेच. पोटाच्या आतलं दुखणं असतं तर स्नायू ताठ झाल्यावर बहुधा कमी झालं असतं. वाढलं, म्हणजे दुखणं पोटाच्या भिंतीतलं. मग तिथेच भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात दाबून पाहिलं तर कळ गायब. रोगही कळला, उपचारही सुरू झाला. भूल काही तासांत उतरते, आराम मात्र काहींना पुढे बराच टिकतो. माझा टिकला नाही, इंजेक्शन परत घ्यावं लागलं.

प्रतिसाद २
त्याआधी एक सांगा, पाळीच्या दिवसांत वाढतं का? बोटाला गाठ लागते का? गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्या तर असंच दुखतं, आणि ती गाठ बहुतेकदा काढावी लागते. खोकताना तिथे फुगवटा येत असेल तर हर्नियासाठी सर्जनला दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती
पाळीशी संबंध नाही, गाठ नाही, फुगवटाही नाही. झोपून डोकं उचलून पाहिलं, चांगलंच वाढलं. एका डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं होतं, पण ती डिप्रेशनची गोळी म्हणून मी घेतलीच नाही.

प्रतिसाद ३
मी फिजिओथेरपिस्ट आहे. नसेच्या दुखण्यावर ती गोळी कमी डोसमध्ये रात्री देतात. तुम्हाला वेडं ठरवलेलं नाही. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते. दुसरी औषधं चालू असतील तर आधी सांगा, आणि सुरू केलीत तर मनानं एकदम बंद करू नका. सोबत व्रणाभोवती आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल रोज थोडा वेळ फिरवा, म्हणजे कातडीला स्पर्शाची सवय होते. चोळणं नंतर, तेही आधी कुणाकडून शिकून. कळ चुकवायला तुम्ही एका बाजूला झुकून चालत असाल तर कंबरही धरली असेल, तेही दाखवून घ्या.