शब्दचर्चा : 'व्ह्यूपॉइंट डायव्हर्सिटी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतल्या काही राज्यांनी सरकारी विद्यापीठांमधल्या खुल्या चर्चेसाठी कायदे केले आहेत. त्यांच्याबद्दल वाचताना 'व्ह्यूपॉइंट डायव्हर्सिटी', 'इंटलेक्च्युअल डायव्हर्सिटी' आणि 'व्ह्यूपॉइंट न्यूट्रॅलिटी' हे शब्द सारखे भेटतात. तिन्हींना 'वैचारिक विविधता' म्हटले तर चालेल का?

उत्तर : पहिल्या दोहोंना एक वेळ चालेल, तिसऱ्याला अजिबात नाही. न्यूट्रॅलिटी म्हणजे तटस्थता, आणि ते सरकारवरचे बंधन आहे: दृष्टिकोन पाहून डावे-उजवे करायचे नाही. १९९५ च्या रोझेनबर्गर खटल्यात व्हर्जिनिया विद्यापीठाने इतर विद्यार्थी-प्रकाशनांच्या छपाईचा खर्च दिला, पण ख्रिस्ती दृष्टिकोनातून लिहिणाऱ्या एका नियतकालिकाचे ५,८६२ डॉलर नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने हा भेदभाव ठरवला. कोणत्या विषयांसाठी निधी ठेवायचा हे विद्यापीठ ठरवू शकते. त्या विषयाकडे कुठून पाहायचे, हे ठरवू शकत नाही. म्हणून इथे 'मत' नको, 'दृष्टिकोन'च हवा. 'मतवैविध्य' कानाला बरे वाटते, पण मत म्हणजे शेवटी काढलेला निष्कर्ष.

वैविध्याचे कायदे मात्र उलट्या दिशेने चालतात. वैविध्य आहे की नाही हे पाहायचे तर कोण काय शिकवतो हे तपासावे लागते, आणि ती तपासणी सरकारने नेमलेल्यांच्या हाती जाते. खरा झगडा इथे आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर तो वाचकाला दिसणारच नाही.

दुसरे उत्तर : व्याख्या राज्यागणिक बदलते, तेव्हा कोणता कायदा ते आधी लिहा. फ्लोरिडाच्या २०२१ च्या कायद्यात विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना विविध वैचारिक व राजकीय दृष्टिकोनांची ओळख होणे, आणि त्यांचा शोध घ्यायला उत्तेजन मिळणे, असा अर्थ आहे. मोजमाप वार्षिक सर्वेक्षणाने. २०२२ च्या पहिल्या फेरीत तीन टक्क्यांहूनही कमी विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. एवढ्यावरून कोणत्याही विद्यापीठाबद्दल निष्कर्ष काढणे चूक आहे.

इंडियानाच्या २०२४ च्या कायद्यात 'इंटलेक्च्युअल' आहे, आणि तिथे परिणाम थेट नोकरीवर होतो. अध्यापक मुक्त चर्चेला वाव देण्याची शक्यता कमी आहे असे विश्वस्त मंडळाला वाटले, तर टेन्युअर (कायमस्वरूपी नेमणूक) किंवा बढती नाकारायची. टेन्युअर मिळाल्यावरही दर पाच वर्षांनी आढावा. विविध वैचारिक चौकटींतले अभ्यासग्रंथ विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची अपेक्षा आहे, पण एक अट घालून: त्या चौकटी त्या विषयात असू शकणाऱ्या आणि त्याला लागू पडणाऱ्या असाव्यात. भाषांतरात हा तुकडा गाळला, तर रसायनशास्त्राच्या वर्गातही दोन राजकीय बाजू मांडा असा अर्थ होतो. तो कायद्यात नाही. आणि 'डिसिप्लिन'साठी 'विद्याशाखा' नको. तो शब्द आपल्याकडे 'फॅकल्टी'ला रूढ आहे. 'ज्ञानशाखा' किंवा सरळ 'विषय' म्हणा.

पुरवणी प्रश्न : ओहायोच्या कायद्यातल्या 'कॉन्ट्रोव्हर्शियल'ला 'वादग्रस्त' बरोबर ना?

उत्तर : टाळलेले बरे. 'वादग्रस्त वक्तव्य' म्हटले की आपण ते आक्षेपार्ह धरूनच चालतो. २०२५ च्या या कायद्यात अर्थ तसा नाही. ज्यावरून राजकीय वाद चालू आहे अशी कोणतीही समजूत किंवा धोरण त्यात येते. उदाहरणांत निवडणुका, परराष्ट्र धोरण, स्थलांतर, विवाह, गर्भपात हे विषय आहेत. 'राजकीय वादाचा विषय' असे लांब लिहा, पण नेमके लिहा. त्याच यादीत 'हवामानविषयक धोरणे' आहेत, 'हवामानबदल' नव्हे. तापमान वाढते आहे हे वर्गात ठामपणे सांगणे वेगळे आणि कर लावावा की नाही यावर विद्यार्थ्यांना आपापले निष्कर्ष काढू देणे वेगळे. निष्काळजी भाषांतराने हा फरक पुसला तर विज्ञानाच्या शिक्षकांवर अन्याय होतो.

ओहायोच्याच कायद्यातल्या 'इनडॉक्ट्रिनेट'साठी नुसते 'बिंबवणे' पुरत नाही, कारण आपण मूल्येही बिंबवतोच. 'लादणे'मध्ये बळजबरी येते, आणि कायद्याला बळजबरीची गरज नाही. तसा प्रयत्न करण्यालाच मनाई आहे. 'एकतर्फी मते बिंबवणे' जवळचे वाटते.

आणखी एक : फ्लोरिडाच्या कायद्यात 'शील्ड' हे क्रियापद आहे. त्याला 'संरक्षण' लिहू नका. 'विद्यापीठाने विद्यार्थ्यांचे संरक्षण करू नये' असे वाक्य तयार होते आणि वाचक दचकतो. व्याख्येनुसार अस्वस्थ करणाऱ्या, नकोशा, न पटणाऱ्या किंवा दुखावणाऱ्या कल्पनांपर्यंत पोहोचण्यावर मर्यादा घालणे म्हणजे 'शील्ड'. 'न पटणारे विचार आड ठेवणे' असे लिहिले की कोणाला काय करायला मनाई आहे ते लगेच कळते.