मदत हवी आहे: महिन्याचं वाचन आणि टीव्ही एकाच तक्त्यात कसं मोजायचं?

गूगल शीट्समध्ये रकाने केलेत: तारीख, नाव, पानं, मिनिटं. टीव्हीचं जमलं. बेरीज २४ तासांपुढे गेली की २६:३० ऐवजी २:३० दिसायचं, कारण रकाना घड्याळाच्या वेळेचा होता. फॉरमॅट ‘ड्युरेशन’ केल्यावर सुधारलं.

अडलंय वाचनात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची पानं पक्की असतात, पण ई-बुकात अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, म्हणून तिथे टक्के लिहिते. मग बेरीज कशाची करायची?

आणि दिवाळी अंक! एक कथा आज, दोन लेख पुढच्या महिन्यात. अंक संपल्यावरच नोंदवला तर खरा महिना हरवतो. लेखागणिक वेगळी ओळ कोणी ठेवतं का? तक्त्याचा फोटो टाकलात तर फार मदत होईल.