जवळच होतं, ठाऊक नव्हतं : सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी, गड्ड्याची जत्रा आणि ऊन, एवढ्यावर बाहेरच्यांचं भागतं. आपलंही बऱ्यापैकी भागतं. हा धागा त्यापलीकडच्या गोष्टींसाठी. आपल्या जिल्ह्याचा इतिहास, भूगोल, पशुपक्षी, आभाळ यांतली एखादी अशी गोष्ट सांगा, जी उशिरा कळली आणि कळल्यावर तुम्ही चार जणांना धरून सांगितलीत. कुणाकडून, कशी कळली तेही लिहा. कोरडी माहिती कुठेही मिळते. चार हुतात्मे आणि डॉ. कोटणीस शाळेपासून पाठ आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल घरात ऐकलेलं काही असेल तरच.

सुरुवात माझ्यापासून. हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. आमच्या घरी श्रावणात तिथं जायचा रिवाज. ३५९ मुखांचं शिवलिंग बघायचं, नदीकाठी डबा सोडायचा, परत. संगमेश्वराच्या देवळात वर तुळईवर अक्षरं कोरलेली आहेत हे कुणी कधी दाखवलंच नाही. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो लेख उजेडात आणला. हे वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाची मराठी ओळ त्यात आहे. ज्ञानदेवांच्या जन्माआधी अडीचशे वर्षांची. मराठीतला सर्वांत जुना लेख हा, अक्षीचा की श्रवणबेळगोळचा, यावर अभ्यासक भांडोत बापडे. मला मौज वाटते ती माझ्या आजीची. तिची बोली कन्नड, मराठी जेमतेम. दर श्रावणात ती नेमकी त्याच मंडपात पाय पसरून बसायची.

कुर्डुवाडीकर

आमचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, म्हणून बार्शी लाइट रेल्वेवर हक्क आमचा. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढीला टपावरसुद्धा वारकरी बसलेले असत, हे वडिलांकडून इतक्यांदा ऐकलंय की आपण स्वतः बघितलंय असं वाटतं.

ती बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचं डोकं असं, की वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटायचं आणि कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग इंजिन असो की मालाचा डबा, हलके, स्वस्त रूळ पुरतात. छोट्या रेल्वेतही भरपूर माल नेता येतो हे त्यानं इथं दाखवलं. 

इथवर वडिलांना माहीत होतं. पुढचं मला त्यांच्या माघारी कळलं. रोल्स-रॉईसमधला रोल्स हा कॅलथ्रॉपचा मित्र. १९१० मध्ये तो विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायच्या मागे लागला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं ते बनवलंही. नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. म्हणजे बघा, आमच्या बार्शीची गाडी आणि वैमानिकाची छत्री एकाच माणसाच्या डोक्यातली. वडील असते तर अख्ख्या वर्कशॉपला सांगत सुटले असते.

भूगोलाच्या बाई

माझं छोटंसंच. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होणं फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या गावांच्या नशिबात. दिल्लीकरांना ते कधीच दिसत नाही. सोलापुरात वर्षातून दोनदा दिसतं: मे महिन्यात १० तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये ढग आड येतात, म्हणून मे धरा. वेळ बाराची नाही बरं का, साधारण १२ वाजून २३ मिनिटं, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७६ च्या अलीकडे. सुट्टीत पोरं येत नाहीत, तेव्हा गच्चीवर तांब्या उभा करून मी एकटीच बघते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ''बाई, ऊन लागलं वाटतं.''

नान्नजचा

माळढोकाचं अभयारण्य १९७९ चं. आमचं घर त्याच्या कडेला, त्यामुळे लहानपणी माळढोक म्हणजे विशेष काही नव्हतं. नर १५ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, घरटं वगैरे नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून समोरची विजेची तार दिसत नाही, आणि अंगाच्या भारामुळे ऐन वेळी वळताही येत नाही. हे मला पक्षी मोजायला आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं, तेव्हा आम्ही नेमके तारांखाली उभे होतो.

लोक माळाला पडीक म्हणतात त्याचा मला राग येतो. त्या गवतात लांडगा आहे, काळवीट आहे, खोकड आहे, धाविक आहे. झाडं लावून 'हिरवं' करायला आलेली मंडळीही मी बघितलीत. माळढोकाला झाडी नको असते, त्याला लांबवरचं दिसायला हवं. आता तो दिसणं नशिबाचं.

करमाळ्याचा शेतकरी

नान्नजकर, तुमचं खरं, पण आमचंही ऐका की. सुरुवातीला अभयारण्य कागदावर ८,००० चौरस किलोमीटरच्या वर होतं. त्यात गावंच्या गावं, आमचं रानही. जमिनीचा व्यवहार करायचा म्हटला की अडला. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं. पक्षी वाचावा असं आम्हालाही वाटतं, पण त्याचं नाव काढलं की आमच्या आबांच्या कपाळाला अजून आठी पडते.

३१ ऑगस्ट

मी सेटलमेंटमधली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणात वसवलं. माझी आजी आत जन्मली. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास लागायचा. गिरणीत कामाला जायचं तेही पास घेऊन. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून आमच्याकडे मुक्तिदिन तो. कॉलेजात मी हे सांगितलं तर वर्गातल्या सोलापूरच्याच पोरांना ठाऊक नव्हतं. त्यांना 'सेटलमेंट' म्हणजे रिक्षाचा थांबा वाटायचा. आजी मात्र शेवटपर्यंत घराभोवती कुंपण घालू द्यायची नाही. कुत्री येऊ देत, म्हणायची.

टेंभुर्णी बायपास

पुण्याच्या पाहुण्यांना 'उजनी मायनसमध्ये गेली' हे कळतच नाही. धरण एकूण ११७ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफुटांचं), त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. त्याखाली पाणी उतरलं की आपली मोजणी शून्याच्या खाली. पण पाणी सरकलं की गाळ उघडा पडतो आणि रोहित पक्षी डोकं उलटं करून त्यातलं बारीकसारीक गाळून खातात. आपली टंचाई ती त्यांची पंगत.

ढगांचा हिशेब

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्यावरून छोटी विमानं फिरायची, आठवतं? ढगांत कण सोडून, म्हणजे बीजारोपण करून, पाऊस वाढतो का हे बघायचा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा प्रयोग होता तो. सोलापूर निवडलं कारण आपण पर्जन्यछायेत: ढग येतात, बरसत नाहीत. २७६ ढग तपासले, त्यातल्या काहींत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, बाकीचे तुलनेला तसेच ठेवले. बीजारोपण केलेल्या ढगांखाली पाऊस सरासरी १८ टक्के जास्त निघाला. आमच्या गल्लीत तेव्हा 'विमानानं ढग पळवले' असं ठाम मत होतं आणि माझे सासरे त्या पक्षाचे पुढारी. १८ टक्क्यांचा आकडा सांगितला तर म्हणाले, ''मग आमच्या वाट्याचा कुठं पडला?'' ढगच नसेल तर विमान काही करू शकत नाही, हे अजून पटवतेय.

मंगळवेढेकर

माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांनो, शेजारचा किल्ला बघता का? १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी तिथं, ब्रह्मपुरीत, होती. बादशहा तिथं तर दरबार तिथं; म्हणजे काबूलपासूनचा कारभार चार वर्षं आपल्या भीमेच्या काठावरून चालला. मराठे काही हाती लागले नाहीत, ते सोडा. कुडलवाल्या ताई, तुमच्या आजी बसायच्या तो मंडप एकदा दाखवा. इथून सात-आठ जण यायला तयार आहेत, हुरड्याच्या दिवसांत ठरवू. भाकरी-पिठलं आमच्याकडून.